गोळ्या वेळेवर घेते, तरी पेशी किडनीत शिरल्याच कशा?

पत्र (थोडं छोटं केलंय):

ताई, माझं वय 36. सव्वा वर्षापूर्वी मोठ्या भावाने मला किडनी दिली. सगळं छान चाललं होतं, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनीचं काम मंदावलं की चढतो) 1.1 वर स्थिर, आणि मागच्या महिन्यात एकदम 1.5. ताप नाही, दुखणं नाही, लघवी व्यवस्थित. बायोप्सी केली, रिपोर्टमध्ये 'बॉर्डरलाइन', 'आय1 टी1', 'सी4डी निगेटिव्ह', 'एसव्ही40 निगेटिव्ह' असं काय काय लिहिलंय. तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, आता क्रिएटिनिन 1.2 आहे. डॉक्टर म्हणाले आटोक्यात आहे, काळजी करू नका. पण मला कळतच नाहीये. इम्युनिटी दाबायच्या गोळ्या, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, सगळं घेते (रात्रीची टॅक्रो कधीकधी नऊच्या ऐवजी अकराला होते, खोटं कशाला बोलू). टॅक्रोच्या रक्तातल्या मागच्या चार लेव्हल 4.1, 9.8, 5.2, 10.9, म्हणजे सरासरी बरोबर आहे. मग माझ्याच पांढऱ्या पेशी किडनीत शिरल्याच कशा? आता त्या गेल्या का? आणि वर्षभरात तीनदा सर्दी-खोकला, एकदा युरिन इन्फेक्शन झालं, म्हणजे इम्युनिटी कमीच ना माझी, मग कमी इम्युनिटीत रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, कसं होतं? घरचे म्हणतात इम्युनिटी वाढवायची पावडर घे. दादाला अजून काहीच सांगितलेलं नाही. त्याने एवढं केलं आणि माझं शरीर त्याच्याच किडनीवर उठलंय, कुठल्या तोंडाने सांगू?
– एक बहीण

उत्तर:

अगं, आधी ती पावडर बाजूला ठेव. घेतली असशील तर बंद कर आणि घेतली होती हे डॉक्टरांना सांग, ते ओरडतील पण सांग. कारण पुढे येईलच. तुला अरे-तुरे करतेय, तू ताई म्हणालीस म्हणून हक्काने.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटपेक्षा पेशंटच्या स्लाइडशी माझी जास्त ओळख, त्यामुळे गोळ्यांचा डोस किती आणि कधी हे मी सांगणार नाही, ते तुझ्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं काम. पण तुझ्या रिपोर्टमध्ये जी अक्षरं आणि आकडे आहेत ती रोज लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, तर त्यांचा अर्थ काय आणि त्या पेशी तिथे नेमकं काय करत होत्या ते सांगते.

तुझा पहिला प्रश्न, पेशी शिरल्या कशा. मुळात त्या कधी बाहेर नव्हत्याच गं. ऑपरेशनमध्ये दादाची किडनी तुझ्या रक्तवाहिन्यांना जोडून क्लॅम्प काढला त्या क्षणापासून तुझं रक्त तिच्यातून फिरतंय आणि रक्ताबरोबर तुझ्या पांढऱ्या पेशीही फिरतायत. नॉर्मल माणसात हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो, इतका मोठा रस्ता आहे तो, त्याला दार लावता येत नाही. गोळ्यांनी तुझ्या पेशींना किडनीच्या बाहेर अडवून ठेवलंय आणि कुठेतरी गोळी कमी पडली म्हणून त्या घुसल्या असं जे चित्र तुझ्या (आणि जवळजवळ सगळ्याच पेशंटच्या) डोक्यात असतं ना, ते आधी पुसून टाक.

उलट गंमत सांगते. किडनी आली तेव्हा दादाच्याही थोड्या पेशी तिच्यात बसून आल्या होत्या, मॅक्रोफेज, डेंड्रिटिक सेल, असे पहारेकरी प्रत्येक अवयवात असतातच. त्यातल्या काही सुरुवातीच्या दिवसांत किडनीतून निघून तुझ्या लिम्फ नोडमध्ये (पांढऱ्या पेशी जमतात त्या गाठी) पोचल्या आणि तिथे तुझ्या टी-सेलना, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, 'परका' चेहरा पहिल्यांदा थेट दिसला. पुढे महिन्यामहिन्यांनी त्या संपत जातात आणि त्यांच्या जागी तुझ्या पेशी येऊन बसतात. म्हणजे आज तुझ्या पोटात जी किडनी आहे तिच्या नळ्या दादाच्या, गाळण्या दादाच्या, पण आतले पहारेकरी बहुतेक तुझे. हे नुसतं पुस्तकातलं नाही, भावाची किडनी बहिणीला असेल तर वाय क्रोमोसोम रंगवून बघता येतो, नळीच्या पेशींच्या केंद्रकात वायचा ठिपका दिसतो आणि मध्ये बसलेल्या लिम्फोसाइटमध्ये (टी-सेल ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी) दिसत नाही, कोण कोणाचं ते स्पष्ट कळतं. रोजच्या रिपोर्टसाठी असं कोणी करत नाही, संशोधनातली गोष्ट आहे.

तर आत पेशी असणं हे नॉर्मल. प्रश्न एवढाच की त्या आत काय करतायत.

आता गोळ्या काय करतात ते बघ. टी-सेलला परकं काही दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, त्याने कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनफॅट नावाच्या प्रोटीनला केंद्रकात जायची परवानगी देतं, आणि एनफॅट आत गेलं की इंटरल्यूकिन-2 बनायला लागतं, ज्याच्या जोरावर एका पेशीच्या हजारो होतात. टॅक्रोलिमस या साखळीत कॅल्सिन्यूरिनला धरून ठेवतं. बस एवढंच. पेशीला मारत नाही, तिची आठवण पुसत नाही, किडनीतून हाकलत नाही. आरडाओरडा करायच्या बेतात असलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा तसं आहे ते, माणूस तिथेच आहे, त्याला दिसतंयही सगळं, फक्त आवाज फुटत नाहीये. मायकोफेनोलेटचं काम वेगळं, पेशीला दुप्पट व्हायला डीएनएचा कच्चा माल लागतो, बाकीच्या पेशी तो जुन्या मालातूनही भागवतात पण लिम्फोसाइटना बराचसा नव्याने बनवावा लागतो, आणि हे औषध नेमका तो नवा कारखाना अडवतं. आणि प्रेडनिसोलोन सगळीकडेच थोडं थोडं काम करतं, म्हणून त्याचे साइड इफेक्टही सगळीकडे.

आता यातली जी गोष्ट पेशंटना सहसा कोणी सांगत नाही ती सांगते. आपण जे डोस देतो त्यात कॅल्सिन्यूरिन पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट दबलेलं असतं, आणि रक्तातली लेव्हल जशी खाली येते तसं परत डोकं वर काढतं. मग जास्त डोस देऊन पूर्ण बंद का नाही करत? कारण हेच एन्झाइम मेंदूत आहे, स्वादुपिंडात आहे, किडनीतही आहे. लेव्हल जास्त गेली की हात थरथरतात, शुगर वाढते, बीपी वाढतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या किडनीसाठी हा खटाटोप तिलाच टॅक्रो त्रास देतं, वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर तिच्यात वण पडतात. म्हणजे तुझे डॉक्टर मुद्दामच एका अरुंद पट्ट्यात चालतायत, एका बाजूला रिजेक्शन, दुसऱ्या बाजूला औषधाचं विष.

म्हणून तुझ्या त्या चार लेव्हल. तू म्हणतेस सरासरी बरोबर आहे. आहेच, 7.5 येते. पण 7.2, 7.8, 7.4, 7.6 यांची सरासरीही 7.5 च येते, आणि या दोन पेशंटच्या किडन्यांचं भविष्य माझ्या मते सारखं नाही. तुझी लेव्हल 4.1 होती तेव्हा तोंडावरचा हात सैल झाला आणि 10.9 होती तेव्हा किडनीने औषधाचा मार खाल्ला, सरासरीने यातलं काहीच भरून निघत नाही. लेव्हलच्या या वरखालीला टक्क्यांत मोजतात, 30 टक्क्यांच्या वर गेलं की बरेच डॉक्टर जास्त समजतात, आणि अशी वरखाली जास्त असलेल्या पेशंटमध्ये रिजेक्शन आणि किडनी गमावणं दोन्ही जास्त दिसतं हे अनेक अभ्यासांत आलंय. तुझे चारच आकडे आहेत, चारवरून फार बोलू नये, पण त्यांचा हिशोब 30 च्या बराच वर जातो. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा 'लेव्हल बरोबर आहे ना' असं न विचारता 'वरखाली एवढी का आहे' असं विचार. अकराला घेतलेली गोळी हे एक कारण असू शकतं, एकमेव नाही. रक्त कधी दिलंस तेही बघ, सकाळचा डोस घेऊन मग लॅबला गेलीस तर आकडा उगाच फुगलेला येतो, डोस घ्यायच्या आधी, आदल्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. आणि रात्री अकराला डोस घेऊन सकाळी आठला रक्त दिलं तरी गडबडच, बारा तास झालेच नाहीत. जुलाब झाले होते का ते आठव, जुलाबात टॅक्रोची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते, कारण आतड्याच्या ज्या पेशी थोडं औषध तिथेच मोडून टाकत असतात त्याच खराब झालेल्या असतात. आणि त्या सर्दी-खोकल्यात कुठलं अँटिबायोटिक घेतलंस? क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलसारख्या फंगसवरच्या गोळ्या, यांनी लेव्हल उसळते, रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या काही गोळ्यांनी (फेनिटोइन, कार्बामाझेपिन) जमिनीला टेकते. ग्रेपफ्रूटने वाढते. दिवसातून दोनदाची वेळ खरंच पाळता येत नसेल तर दिवसातून एकदा घ्यायचं टॅक्रोही मिळतं, ते तुला चालेल का एवढं विचार, मनाने बदलू नकोस, दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी सरळ चालत नाहीत. आणि डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही.

पावडरीचं कारण आता कळलं असेल. एक तर आत काय आहे ते डब्यावर पूर्ण लिहिलेलं असेलच असं नाही, आणि जे असेल ते लिव्हरमधल्या त्याच एन्झाइमशी खेळू शकतं ज्याने टॅक्रो मोडतं. सेंट जॉन्स वर्ट ही झाडपाल्याची उदासीवरची 'निरुपद्रवी' औषधी घेऊन टॅक्रो आणि सायक्लोस्पोरिनच्या (टॅक्रोसारखंच काम करणारं औषध) लेव्हल पडल्याची उदाहरणं आहेत. आणि दुसरं, समजा पावडर खरंच लिहिल्याप्रमाणे काम करत असेल, तर ज्या पेशींच्या तोंडावर हात ठेवायला तू दिवसातून दोनदा गोळी घेतेस त्यांनाच चेव आणायला दुसऱ्या हाताने पैसे मोजतेयस. घरच्यांना माझं नाव सांग.

आता तुझी स्लाइड. बायोप्सीची सुई म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीचा धागा काढते. त्याचे अगदी पातळ काप करून रंगवतात, पीएएस नावाच्या रंगात प्रत्येक नळीभोवतीचा पडदा गुलाबी-जांभळ्या रेघेसारखा उठून दिसतो. नळीच्या स्वतःच्या पेशी मोठ्या, फिकट, गोल केंद्रकाच्या. आणि लिम्फोसाइट म्हणजे लहान गडद निळा ठिपका, बहुतेक वेळा भोवती पांढरी फट असलेला. हे ठिपके दोन नळ्यांच्या मधल्या जागेत असतील तर त्याला 'आय' म्हणतात, वण नसलेल्या भागाचा 10 ते 25 टक्के हिस्सा व्यापला असेल तर आय1. ते बघून मी तरी लगेच घाबरत नाही, मधल्या जागेत गर्दी इतर कारणांनीही होते. पण तोच ठिपका त्या गुलाबी रेघेच्या आतल्या बाजूला, नळीच्या दोन पेशींच्या मध्ये बसलेला दिसला ना, की मी खुर्ची पुढे ओढते. त्याला ट्यूब्युलायटिस म्हणतात, तुझ्या रिपोर्टमधला 'टी' तो. एका नळीच्या कापात असे एक ते चार असले की टी1, पाच ते दहा टी2, दहाच्या वर टी3. पडदा ओलांडून आत जाणं सोपं नाहीये, आत गेलेल्या बऱ्याच पेशींवर सीडी103 नावाचा हुक असतो आणि नळीच्या पेशी एकमेकींना ज्या ई-कॅडहेरिनने धरून असतात त्यालाच हा हुक अडकतो. तिथे बसून ती पेशी परफोरिनने नळीच्या पेशीला भोक पाडते आणि ग्रँझाइम नावाची मारक एन्झाइम आत सोडते, नळी मरते, क्रिएटिनिन चढतं. हे सगळं होतं तेव्हा तुला दुखत नाही, किडनीच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही, म्हणून 'काहीच त्रास नव्हता' याला काही अर्थ नाही. कधीकधी तर क्रिएटिनिनही हलत नाही आणि बायोप्सीत हे सगळं चालू असतं.

आय, टी हे गुण द्यायची पद्धत कॅनडातल्या बॅन्फ गावात 1991 साली जमलेल्या पॅथॉलॉजिस्ट आणि डॉक्टरांनी सुरू केली, तोवर एकाच स्लाइडला एक रिजेक्शन म्हणायचा आणि दुसरा नाही म्हणायचा. अजूनही बॉर्डरलाइनवर आमच्यात वाद होतातच. बॉर्डरलाइन म्हणजे काय, तर पेशी रेघेच्या आत गेल्यायत पण पक्कं रिजेक्शन म्हणावं एवढ्या नाहीत. धाग्यात दहा-बारा गाळण्या आल्या तरी आम्ही खूश असतो आणि किडनीत असतात साधारण दहा लाख, त्यामुळे शेजारच्या भागात जास्त असेल का हा प्रश्न राहतोच. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन चढलेलं बघून इंजेक्शनं दिली हे मला पटतं.

सी4डी निगेटिव्ह म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांवर अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण सापडली नाही. छान आहे, पण या एका खुणेवर सगळं सोडू नये, अँटिबॉडीचा हल्ला कधीकधी सी4डी निगेटिव्ह असूनही असतो. दादाच्या एचएलएविरुद्ध (पेशीवरची प्रोटीनं, ज्यांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं) तुझ्या रक्तात अँटिबॉडी आहेत का याची वेगळी टेस्ट असते, डीएसए म्हणतात तिला, झाली नसेल तर विचार. लेव्हल खालीवर होणाऱ्यांमध्ये या अँटिबॉडी नव्याने तयार व्हायची भीती जास्त.

आणि एसव्ही40 निगेटिव्ह. ही रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची ओळ, पण पेशंट ती वाचून सोडून देतात. बीके नावाचा एक व्हायरस आहे, बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि किडनीत गुपचूप पडून राहतो. इम्युनिटी दाबली की उठतो. आणि स्लाइडवर तो हुबेहूब रिजेक्शनसारखा दिसू शकतो, तेच निळे ठिपके, तीच रेघेच्या आत घुसखोरी, क्रिएटिनिनही तसंच वाढतं. पण उपाय बरोब्बर उलटा, रिजेक्शनमध्ये औषध वाढवायचं आणि बीकेमध्ये कमी करायचं. तुला बीके असताना स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असती तर आगीत तेल. एसव्ही40 हा खरंतर माकडांमधला व्हायरस, पण त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी बीकेलाही पकडते म्हणून आम्ही तो रंग वापरतो.

तुझा दुसरा प्रश्न, त्या गेल्या का. पूर्ण गेल्या असं मी म्हणणार नाही. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने बऱ्याच पेशी मरतात, बऱ्याच पांगतात, सूज उतरते, क्रिएटिनिन खाली येतं. पण गेल्या काही वर्षांत एकेक पेशी सुटी करून तिचे जीन वाचायचं तंत्र आलंय, त्याने बायोप्सीतल्या टी-सेल तपासल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे त्या गर्दीत खरे भांडखोर वंश थोडकेच असतात, एकाच पेशीपासून वाढलेली काही मोजकी कुटुंबं, बाकी गर्दी बघ्यांची. आणि दुसरी म्हणजे उपचारानंतर क्रिएटिनिन सुधारलं तरी पुढच्या बायोप्सीत तीच कुटुंबं परत सापडली, काही पेशंटमध्ये कित्येक महिन्यांनी. वर कुठलं औषध चालू आहे त्याप्रमाणे त्यांचे जीन वेगळे चालू-बंद होते, म्हणजे औषधाखालीही त्या आपापल्या परीने जुळवून घेतात. काही टी-सेल तर अवयवातच मुक्कामाला राहतात, रक्तात परत येतच नाहीत, म्हणून रक्त तपासून त्यांचा पत्ता लागत नाही.

हे वाचून झोप उडवून घेऊ नकोस. तिथे असणं आणि भांडणं यात फरक आहे. त्याच किडनीत भांडण आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी-सेलही येऊन बसतात, ज्यांच्या शोधासाठी 2025 चं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. दुर्दैव असं की यांनाही जगायला इंटरल्यूकिन-2 लागतं, टॅक्रोने ते कमी झालं की यांचेही हाल होतात. म्हणजे आपलं औषध गुंड आणि पोलीस दोघांनाही एकच न्याय लावतं. काही ठिकाणी पेशंटच्या स्वतःच्या रेग्युलेटरी पेशी बाहेर वाढवून परत द्यायचे प्रयोग चाललेत, पण ते अजून प्रयोगच. परत बायोप्सी करायची का हे विचारशील तर माझं वैयक्तिक मत, तुझ्या डॉक्टरांना विचारावं असं आहे, कारण 1.2 म्हणजे 1.1 नव्हे, आणि आतली सूज तशीच राहून वण पडायला लागले तर ते परत भरून येत नाहीत. पण सुई घालायचीही जोखीम असते, निर्णय त्यांचा.

तिसरा प्रश्न तू फार छान विचारलायस, इन्फेक्शनही आणि रिजेक्शनही, दोन्ही एकदम कसं. इम्युनिटी ही काही एक टाकी नाही की भरली किंवा रिकामी. नवी ओळख करायची वेळ येते तेव्हा पेशीला खूप मदत लागते, भरपूर सिग्नल, भरपूर वाढ, आणि गोळ्या नेमकं तेच दाबतात. नवा सर्दीचा व्हायरस आला की तुझी तयारी उशिरा होते. पण ज्या टी-सेलनी आधी कधीतरी काही पाहिलंय, मेमरी सेल, त्यांना कमी सिग्नल पुरतो, त्या पटकन उठतात, गोळ्यांना तेवढ्या दाद देत नाहीत. बेलाटासेप्ट नावाचं एक औषध आहे, परकं दिसल्यावर उठायला टी-सेलला आणखी जो दुसरा सिग्नल लागतो तोच तोडतं, किडनीचं काम त्याच्यावर चांगलं राहतं पण सुरुवातीला रिजेक्शन टॅक्रो-सायक्लोस्पोरिन गटापेक्षा जास्त दिसतात, त्याचं एक कारण या मेमरी सेलच मानतात, त्यांचं त्या दुसऱ्या सिग्नलवाचून फारसं अडत नाही. आता तू म्हणशील दादाची किडनी माझ्या पेशींनी आधी कुठे पाहिली होती? नव्हतीच पाहिली. पण एका व्हायरसची आठवण चुकून दुसऱ्याच माणसाच्या एचएलएला लागू पडते. याचं पाठ झालेलं उदाहरण म्हणजे एपस्टीन-बार व्हायरस, एचएलए-बी8 असलेल्या काही लोकांत त्या व्हायरसविरुद्ध तयार झालेल्या टी-सेल परक्या माणसाच्या एचएलए-बी44 वरही तुटून पडतात, त्यांना दोन्ही चेहरे सारखेच दिसतात. तुझ्या बाबतीत हेच झालंय असं मी म्हणत नाहीये, पण परक्या एचएलएला प्रतिसाद देऊ शकणाऱ्या टी-सेल आपल्यात एरवीच टक्क्यांत मोजाव्या एवढ्या असतात, एखाद्या व्हायरससाठी पहिल्या भेटीला लाखात एखादीच असते, त्यात अशा उसन्या आठवणींचा हिस्सा मोठा आहे. शिवाय इन्फेक्शनमध्ये शरीरभर सूज वाढवणारी रसायनं सुटतात, त्यातच डॉक्टरांना कधी मायकोफेनोलेट थोडं कमी करावं लागतं, जुलाब-अँटिबायोटिकने लेव्हल हलते, आणि रिजेक्शनला संधी मिळते. म्हणून पुढच्या सर्दीला केमिस्टकडून परस्पर गोळ्या घेऊ नकोस, अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर नकोच, ते किडनीला थेट बाधतात. फ्लूची मारलेल्या व्हायरसची लस घेता येते, जिवंत व्हायरसच्या लसी तुला चालत नाहीत, आणि आत्ताच इंजेक्शनं झालीयत तर कधी घ्यायची ते विचारून घे.

आता दादा. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची दोन, आणि अजिबात न जुळायची एक, तुमचं काय होतं ते फाइलमध्ये असेल. पूर्ण जुळलं असतं तरी गोळ्या लागल्याच असत्या, कारण एचएलएशिवायही बारीकसारीक फरक असतात, भावाच्या पेशींवर तर वाय क्रोमोसोममधून आलेली प्रोटीनं असतात जी तुझ्या शरीराने स्वतःची म्हणून कधी पाहिलीच नाहीत. 1954 साली बॉस्टनला जोसेफ मरेंच्या टीमने पहिली टिकलेली किडनी बसवली तेव्हा देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून तेव्हा औषधांशिवाय जमलं. तुझ्या टी-सेलला दादा माहीत नाही, त्याचं प्रेमही माहीत नाही, तिला पेशीवरचा एक तुकडा दिसतो आणि तो आपला नाही एवढंच कळतं. यात तू काय केलंस? रात्रीची गोळी उशिरा घेतलीस, तेवढं तुझ्याकडे लागतं, ते उद्यापासून बदल, फोनला गजर लाव.

आणि दादाला सांग. त्याला ऐकीव कळलं तर जास्त लागेल. आणि सांगताना 'तुझी किडनी रिजेक्ट झाली' असं सांगू नकोस बाई, तो हादरेल. सांग की थोडी कुरबुर झाली होती, वेळेत कळली, इंजेक्शनं झाली, आकडा 1.2 वर आलाय, किडनी काम करतेय. आणि त्यानेही वर्षातून एकदा स्वतःचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं असतं, देणारे लोक हे हमखास विसरतात. त्याचं शेवटचं कधी झालं ते त्याच फोनवर विचार.